मशीन लावलं की झालं?

भुसावळचे भाऊ, प्रत्येक सरकारी दवाखान्यात बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेचा दुभाषी हवा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की कानाला मशीन लावलं की ऐकू येतं, वर हल्ली मोबाईल बोललेलं लिहूनही दाखवतो. मग सरकारी दवाखान्यात दुभाषी मागणं म्हणजे नुसते चोचले.

माझ्या दोन्ही कानांत मशीन आहे म्हणून सांगते, हे चष्म्यासारखं नसतं. मशीन आवाज मोठा करतं. आतल्या कानाच्या पेशीच गेल्या असतील तर तो मोठा आवाजही फाटकाच पोचतो. 'पाणी' की 'गाणी' हे मी ओठांवरून ओळखते. 'पान' की 'मान' तिथं ओठही उपयोगाचे नाहीत. तुमच्याच स्टेशनवर गाडीचा भोंगा, चहावाला आणि शेजारी बसलेला नवरा, तिघं एकदम कानात ओरडतात. मे महिन्यात घामानं मशीन बंद पडतं ते वेगळंच.

मोबाईलचं म्हणाल, तर चाळीसगावला एका लग्नात मामेसासऱ्यांनी अहिराणीत विचारलं, "कथा जाई ऱ्हायनी?" म्हणजे, कुठे चाललीस? ॲपला मराठी येते, अहिराणी नाही. स्क्रीनवर उमटलं, "कथा जाई राणी". मी लाजले, ते बुचकळ्यात पडले.

तरी माझं भागतं, कारण मला मोठेपणी बहिरेपण आलं, मराठी आधीच येत होती. माझा मावसभाऊ जन्मापासून बहिरा. त्याची भाषा खुणांची, आणि तिला स्वतःचं व्याकरण आहे; 'काय', 'कुठे' हे प्रश्नाचे शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. लिहिलेलं मराठी त्याला परकंच. त्याला घेऊन एका दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर सगळं मावशीला विचारत होते. दुखणं याचं, उत्तरं तिची, तीही अंदाजानं. त्याच्यापुढे चिठ्ठी धरली, त्यानं मान डोलावली. बहिरा माणूस मान डोलावतो ती बऱ्याचदा प्रसंग टाळायला. उपाशीपोटी घ्यायची गोळी तो महिनाभर जेवणावर घेत होता. त्या दिवशी दुभाषी हवा होता तो त्याच्याइतकाच डॉक्टरांनाही. कोर्टाला हे पटलेलं आहे: बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीनंच घ्यायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असं 2013च्या दुरुस्तीनं साक्षीच्या कायद्यात आलं.

एक मात्र तुमचं बरोबर. 'प्रत्येक दवाखान्यात कायमचा दुभाषी' हे मी भरात लिहून गेले. आपल्याकडे शिकलेले दुभाषी आहेतच किती! व्हिडिओ कॉलवर गाठता येईल असा एक जरी जिल्ह्याला मिळाला तरी पुष्कळ. मूळ लेखातलं ते वाक्य आज बदलते.