'केळं खा, विषय संपला' म्हणणाऱ्या वाचकांस

तळपायात येणाऱ्या पेटक्यांवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: "साध्या गोष्टीचं किती दळण! पोटॅशियम कमी पडतं, केळं खा, विषय संपला. डायबेटिसबद्दल अवाक्षर नाही. आणि आपण डॉक्टर आहात का?"

डॉक्टर नाही. लेखाच्या पहिल्याच ओळीत तसं सांगितलंय. लेख लांबला, हेही कबूल. पण दुसऱ्याच्या ओट्यावर येऊन असं बोलू नये, एवढं पुण्याबाहेरही शिकवत असावेत.

आता केळं. लक्ष्मी रस्त्यावर कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. डब्यात केळं रोज असायचं. तरी लग्नसराईत रात्री हमखास अंगठा वाकडा व्हायचा आणि तळव्यात गाठ यायची. रक्त तपासलं, पोटॅशियम व्यवस्थित! कडक फरशी, एकाच जागी उभं राहणं, पुढून चिमटणारे बूट. थकलेल्या स्नायूची समजूत केळं कशी काढणार? त्यात झोपेत पाऊल पुढे झुकलेलं असतं, तळव्याचे स्नायू आधीच आखडलेले. जरा हललं की आवळतात.

मध्यम केळ्यात साधारण 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. ते पचून रक्तात उतरेपर्यंत पेटका बहुतेकदा आपोआप सुटलेला असतो, आणि श्रेय मात्र केळ्याला. बोटं हातानं नडगीकडे ओढून धरा, लवकर सुटतो. फुकटात.

पोटॅशियम कधी कमी होतच नाही, असं मी म्हटलेलं नाही. जुलाबांत होतं, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली तर होऊ शकतं. पण तेव्हा डॉक्टरांकडे जायचं असतं, मंडईत नाही. आणि मूत्रपिंडं अधू असलेल्यांचं काय? त्यांचं पोटॅशियम आधीच चढलेलं असू शकतं, त्यांना तुमचा सल्ला महागात पडेल. दिसेल त्याला केळं खायला सांगताना हे डोक्यात आलं होतं का हो?

राहता राहिला डायबेटिस. तो शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, अशांनी रक्तवाहिन्या दाखवून घ्याव्यात, हेही तिथेच आहे. आपण तिथवर पोचला नसाल. पुढची प्रतिक्रिया लेख वाचून लिहिलीत, तरच इथे छापेन.