शाहिरांची 'एकमेव' कॅसेट आणि फॉरवर्डमधल्या थापा

दोन आठवडे झाले, साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ग्रुपाग्रुपांवर एकच मजकूर फिरतोय. आमच्या भागातल्या एका शाहिरांनी १९८६ साली पदरच्या पैशाने काढलेली पहिली कॅसेट, आणि सोबत तिची सात मिनिटांची क्लिप. मजकुराचं म्हणणं असं : कंपन्यांनी हाकललं म्हणून बिचाऱ्यांनी ती स्वतः काढली; आता एकच प्रत उरलीय आणि तिला दोन लाखांची बोली लागलीय; क्लिपमधला चढा आवाज हाच त्यांचा ऐन तरुणपणातला खरा आवाज; आणि कंपनीच नसल्यामुळे हक्कबिक्क कुणाचे नाहीत, बिनधास्त पसरवा. शाहिरांचं नाव मी लिहीत नाही. घरच्यांना आधीच फोनांनी वैताग आणलाय.

तेव्हा मी कराडात टेप दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. शाहीर आमच्याकडे डेकचं हेड साफ करून घ्यायला यायचे. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. एकरकमी पैसे घेऊन गाणी देऊन टाकायची नाहीत, हा त्यांचा हिशेब होता. कवनांची आठ-सोळा पानी पुस्तकं कार्यक्रमानंतर तिथंच विकायची शाहिरांची रीत जुनीच. कॅसेट फक्त त्या पुस्तकाच्या जागी आली. पुसेगावची सेवागिरींची यात्रा असो की पालीच्या खंडोबाची, कार्यक्रम संपला की पत्र्याची ट्रंक उघडायची. 'बिचारे' हा शब्द ऐकला असता तर त्यांनी डफ फेकून मारला असता.

एकच प्रत? माझ्याच घरी दोन आहेत, आणि दोन्हींत गाण्यांचा क्रम वेगळा. दोन डेक जोडून रात्रभर एकेक भरायचा उद्योग तो. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून एकरंगी कागद छापून आत सरकवायचा. दोन लाखांचं म्हणाल, तर बोली लावणारा भेटला की माझ्याकडे पाठवा.

खरी गंमत आवाजाची आहे. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायला हवी. रेकॉर्डिंग करताना सेल उतरत आले की मोटर मंदावते आणि फीत सावकाश सरकते. तीच फीत पुढे नीट वेगाने वाजवली की सगळं घाईचं आणि चढं ऐकू येतं. हे मी अंदाजाने बोलत नाही. ए साइडच्या सुरुवातीला पेटी काळी चारमध्ये (म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी) आहे, आणि साइड संपेपर्यंत तीच पेटी लगतच्या पांढरी सहाला, म्हणजे अर्धा सूर वर, जाऊन बसते. म्हणजे वेगात सुमारे ६ टक्क्यांचा फरक. गाणारा रंगात आला की चढेल, हलगी जाळावर शेकली की चढेल. पेटीचे सूर कसे चढतील? क्लिप या शेवटच्या भागातलीच आहे. पेटी काळी चारवर येईल इतका वेग कमी करून ऐका, भरदार छातीचा ओळखीचा आवाज समोर येतो. मला तरी तोच जास्त आवडतो.

आता हक्क. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, मग ते कंपनीने काढलेलं असो की घरच्या ओसरीवर. १९८६ची कॅसेट म्हणजे २०४६ अखेरपर्यंत. पुढाकार ज्याचा आणि जबाबदारी ज्याची, तो निर्माता, म्हणजे इथे शाहीर. त्यांच्यामागे त्यांचे वारस. कवनंही त्यांचीच, आणि लेखनाचा हक्क तर कवी गेल्यावरही ६० वर्षं राहतो. कंपनी नाही म्हणून हक्क मोकळे झाले नाहीत, ते सगळे एकाच घरात राहिले.

तुमच्याकडे यातली प्रत असेल तर लगेच टेपमध्ये कोंबू नका. आधी पेन्सिलीने चक्री फिरवून सैल झालेली फीत ताठ करून घ्या, आणि तोंडाशी असलेला स्पंजचा चौकोन जागेवर आहे का बघा. माझ्या एका प्रतीतला गळून पडलाय. मग बी साइड शेवटपर्यंत ऐका. शेवटच्या गाण्यानंतर शाहीर स्वतः किंमत सांगतात, अठरा रुपये, आणि मिळण्याचं ठिकाण म्हणून घरचा पत्ता देतात. क्लिपच्या मागे-पुढे ते कुठेच नाही.