ॲम्प्लिफायर चालू ठेवून साफ करायचा नसतो

रामबागेतल्या मामांचा परवा फोन आला. "अरे, डावा स्पीकर बंदच पडला. मेसेजमध्ये सांगितलं तसंच केलं रे सगळं."

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय तोच मेसेज. खरखर येते? मेकॅनिककडे जाऊ नका. प्लग सँडपेपरने घासा, सॉकेटात टूथपेस्ट फिरवा, व्हॉल्यूमच्या बटणात डब्ल्यूडी-४० हा डब्यातला फवारा मारा. आणि हे सगळं ॲम्प्लिफायर चालू ठेवूनच करा, म्हणजे फरक लगेच ऐकू येतो.

शेवटचं आधी घेतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. आत २३० व्होल्ट खेळत असतात. वायर भिंतीतून काढली तरी आतले वीज साठवणारे मोठे कपॅसिटर काही वेळ भरलेलेच राहतात. त्यात हा फवारा पेट घेणारा. मामांच्या टेबलावरचा डबा उचलून मी त्यांना वाचून दाखवलं: फवारण्याआधी विजेची उपकरणं प्लगमधून काढा, असं त्या डब्यावरच छापलंय! हे सगळं करताना मामा घरात एकटे, चष्मा कपाळावर, ॲम्प्लिफायरचं झाकण उघडलेलं. लिहिणाऱ्याने निदान डबा तरी वाचायचा होता.

व्हॉल्यूमबद्दलही तेच. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली निघालं ते पाणी हटवायला, गंज टाळायला. मागे तेलाचा थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. ती कंपनी स्वतः इलेक्ट्रिक जोडण्यांसाठी वेगळा कॉन्टॅक्ट क्लीनर विकते, मग हा कशाला मारायचा?

सँडपेपर तर नकोच. सोनेरी प्लगवरचा मुलामा बहुधा एक मायक्रॉनही जाड नसतो. मामांच्या प्लगच्या टोकाला आता करडं निकेल दिसतंय, कडेला पितळ. सोनं मुळात गंजत नाही; कोरड्या सुती कापडाने पुसलं असतं तरी भागलं असतं.

टूथपेस्टने डावा स्पीकर मारला. सॉकेटातल्या चिमटीत ती सुकून खडूसारखी पांढरी बसली होती. टूथपिकने खरवडली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली.

एक मात्र मान्य करावं लागेल. जोडण्यांवर मळ आणि ऑक्साइड साचतं, त्याने आवाज तुटतो, हे मेसेजमधलं खरं आहे. पण बंद ॲम्प्लिफायरचे प्लग सॉकेटातच दोन-चार वेळा फिरवले तरी घासून बराच मळ निघतो. स्पीकरच्या वायरचं टोक काळं पडलं असेल तर तेवढं कापून नवी तार सोलायची. आणि बटण फिरवताना होणारी खरखर नेहमी मळाचीच असते असंही नाही. कपॅसिटर गळून व्हॉल्यूमवर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, आला तरी खरखरतं. ते काम मेकॅनिकचंच.

मामांचं ॲम्प्लिफायर बंद ठेवून व्हॉल्यूम या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीसेक वेळा फिरवला. खरखर गेली. रात्री त्यांनी अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला, दोन्ही स्पीकरवर. घासलेल्या प्लगांची जोडी नवी आणावी लागेल. ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय त्यांनी आज त्याच ग्रुपवर लिहा, की "चालू ठेवूनच" हे चूक आहे.