सारस सती जात नाही

आमच्या गावच्या ग्रुपवर परवा तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. ‘माणसा, मुक्या जिवांकडून शीक!’ आतला माल असा: सारस जोडीदाराच्या मागे अन्नपाणी सोडून मरतो. मोर ब्रह्मचारी असतो. कोणताही प्राणी आपल्या जातीचं लेकरू मारत नाही. सातभाई परक्याचं पिल्लूही पोटच्यासारखं वाढवतात. कारण काय, तर प्राणी स्वतःसाठी नव्हे, प्रजातीसाठी जगतात. खाली एका थोराड पिल्लाला भरवणाऱ्या सातभाईचा फोटो. फोटो खरा आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी सारस, कारण तो आमचा. महाराष्ट्रात तो उरलाय मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांत आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठी. जोडी वर्षानुवर्षं टिकते हे खरं. एक मेला की दुसरा तिथंच घुटमळतो, हाका मारतो, हेही खरं. त्याला दुःख होत नाही असं मी म्हणणार नाही. जहांगीर बादशहानं सारसाच्या जोडीला लैला-मजनू नाव दिलं होतं, म्हणजे ही भुरळ जुनीच आहे. पण मागे राहिलेला सारस नवी जोडी जमवतो, अशा नोंदी आहेत. शिवाय तो उपाशी मेला तर प्रजातीचं भलं कसं होतं, हे मेसेजवाल्यानं सांगितलेलं नाही.

साथ टिकते ती घरट्यामुळे. साधारण दोन अंडी, महिनाभराची उबवण, पाण्यात उघड्यावर रचलेलं घरटं, अन् टपलेले कुत्रे-कावळे. एक चरायला गेला की दुसऱ्याला राखण करावीच लागते. एकट्याला हे पेलणं कठीण, म्हणून साथ धरून राहणाऱ्यांची पिल्लं जास्त जगली आणि तो स्वभाव पुढे आला. सारसांचे अभ्यासक गोपी सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तर सारसांचे तिघा-तिघांचे संसारही आढळले. जागा बेताची असेल तिथं हे जास्त दिसतं, आणि तिसरा पिल्लं वाढवायला हातभार लावतो. हा फोटो मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

मोराचं लवकर उरकतो. लांडोर अश्रू पिऊन गाभण राहते, हे 2017 साली राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनीही सांगितलं होतं, म्हणून ते खरं होत नाही. मोर इतर पक्ष्यांसारखाच लांडोरीवर चढतो; काही सेकंदांचं काम, म्हणून सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. मुळात ब्रह्मचाऱ्याला एवढा पिसारा कशाला? निवड लांडोर करते. मोराचं पीस पाहिलं की मला मळमळतं, असं डार्विननं 1860 साली एका पत्रात लिहिलं होतं, कारण जगायला अडचण करणारी ही चीज टिकली कशी, हे कोडं त्याला छळत होतं. मादीची पसंती हे त्याचं उत्तर.

तिसऱ्या मुद्द्यावर माझा खरा राग आहे. ताडोब्याकडच्या गाइडांना विचारा, नवा नर वाघ आला की जुन्याच्या बछड्यांचं काय होतं. वानरांचंही तेच. जपानी अभ्यासक सुगियामा यांनी 1960च्या दशकात धारवाडजवळ पाहिलं, की कळप बळकावलेला नर अंगावरची पिल्लं मारतो. गर्दीमुळे डोकं फिरलं असेल, असं तेव्हा काहींना वाटलं. अमेरिकी अभ्यासक सारा हर्डी यांनी राजस्थानातल्या अबूच्या वानरांवरून वेगळं सांगितलं: पाजणारी मादी माजावर येत नाही, पिल्लू गेलं की लवकर येते, आणि नराच्या हाती कळप किती दिवस राहील याचा भरवसा नसतो. पुढे नेपाळात रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी झाली (1999). मारणारे नर मेलेल्या पिल्लांचे बाप नव्हते. माद्याही गप्प बसत नाहीत, गाभण असतानाही नव्या नराशी जुगतात, म्हणजे बाप कोण हा घोळ राहतो. प्रजातीसाठी जगणाऱ्यानं धडधाकट पिल्लू कशाला मारावं?

यात वानर हिशेब करून मारतं असं कोणी म्हणत नाही. ज्या वागण्यानं वंश वाढला ते वागणं उरलं, एवढंच. ‘प्रजातीच्या भल्यासाठी’ हे 1960च्या दशकापर्यंत काही शास्त्रज्ञही म्हणत, तेव्हा मेसेजवाल्याला एकट्याला काय बोलायचं.

आता सातभाई. थव्यातले सगळे मिळून एकाच घरट्यातली पिल्लं भरवतात, हे अंगणातल्या बाभळीवर कोणीही पाहावं. पण थवा बहुतेक नात्यागोत्याचा असतो. भावंडं जगवली तरी आपल्या जनुकांचा वाटा पुढे जातो. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टननं 1964 साली याचं गणित मांडलं. त्याआधी शास्त्रज्ञ हाल्डेन, जे पुढे भारताचे नागरिक झाले, गमतीनं म्हणायचे म्हणे: दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी मी जीव देईन.

मग फोटोतलं ते थोराड पिल्लू? ते पावशाचं. पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते, तेही त्यांच्यासारखंच निळं. ‘आपल्या घरट्यात चोच उघडली की घास घाल’ ही सातभाईंची रीत बहुतेक वेळा आपल्याच रक्ताला पोसते, म्हणून टिकली. पावशा त्याच रितीवर डल्ला मारतो. ज्याला मेसेज निःस्वार्थ प्रेम म्हणतो, ती फसवणूक आहे, आणि तिची किंमत सातभाईंची स्वतःची पिल्लं मोजतात.

हे मी शेजारच्या काकाजींना फोटो दाखवून सांगितलं. ते धानाचे पऱ्हे (रोपं) टाकायला निघाले होते, अन् मागे पावशाचा ‘पेरते व्हा’ चालूच होता.

“म्हंजे लोकाले पेरते व्हा म्हनते, अन् सोताचं बटईनं देते?”

“बटईत अर्धं तरी भेटते जी काकाजी. सातभाईले काय भेटते?”

काकाजींनी मोबाइल परत दिला अन् बांधीकडे निघाले. “मंग तो मेसेज मीच टाकला होता, काढून टाकू का?”