अमेरिकेतल्या डीओंचा दाखला देताना

महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी १८ सप्टेंबर २०२५ ला एक दिवस काम बंद ठेवलं. सीसीएमपी, म्हणजे आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये स्वतंत्र नोंद करायचा राज्य सरकारचा निर्णय त्यांना मान्य नव्हता. असा वाद पेटला की अमेरिकेचा दाखला हमखास निघतो. एक बाजू म्हणते, अमेरिकेत ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे सांधे-स्नायूंच्या हाताळणीतून सुरू झालेल्या पंथाचे, डीओ पदवीवाले डॉक्टर आणि एमडी शेजारी शेजारी शस्त्रक्रिया करतात, मग होमिओपॅथीच्या बीएचएमएसनाच अडवायचं का? दुसरी बाजू म्हणते, डीओ हे तिथेही दुय्यमच समजले जातात. अमेरिकेत राहून ही व्यवस्था जवळून पाहणाऱ्याला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. डीओंना बरोबरी कशी मिळाली, त्यासाठी काय काय सोडावं लागलं, हे कोणीच सांगत नाही.

आधी आजची स्थिती. अमेरिकेत डीओ हा पूर्ण परवान्याचा डॉक्टर असतो. पन्नासही राज्यांत तो औषधं लिहितो, भूल देतो, हृदयाची शस्त्रक्रिया करतो. चार वर्षांचं वैद्यकीय शिक्षण एमडीसारखंच. त्यावर सुमारे २०० तास हातांनी करायच्या उपचारांचे, म्हणजे सांधे, स्नायू आणि मणक्याच्या हाताळणीचे. ब्रिटनमधल्या ऑस्टिओपॅथशी त्याची गल्लत करू नये. तिथला ऑस्टिओपॅथ वेगळ्या कायद्याखाली नोंदलेला हस्तोपचारक असतो, डॉक्टर नव्हे. आज अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या दर चार विद्यार्थ्यांतला किमान एक डीओच्या महाविद्यालयात आहे.

या पंथाचा संस्थापक ॲन्ड्र्यू टेलर स्टिल. १८६४ साली त्याची तीन मुलं मेंदूज्वराने गेली. त्या काळातल्या औषधांच्या पेटीत पारा, अफू आणि सोमल हे मुख्य. औषधांवरून त्याचा विश्वास उडाला याचं नवल वाटत नाही. १८९२ मध्ये त्याने मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावी महाविद्यालय काढलं. सनदेप्रमाणे त्याला एमडी पदवी देता आली असती, पण त्याने मुद्दाम डीओ ही अक्षरं निवडली. आपण वेगळे आहोत हेच त्याला सांगायचं होतं. सुरुवातीच्या अभ्यासक्रमात औषधशास्त्राला थारा नव्हता.

१९१० मध्ये फ्लेक्सनर अहवाल आला. अमेरिका आणि कॅनडातली १५५ वैद्यकीय महाविद्यालयं तपासणाऱ्या या अहवालाने प्रयोगशाळा नसलेली, रुग्णशय्या नसलेली, केवळ फी गोळा करणारी महाविद्यालयं उघडी पाडली. ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयांवरही त्याने कडक ताशेरे ओढले. पुढच्या काही दशकांत जी तगली त्यांनी प्रवेशाच्या अटी कडक केल्या, रुग्णालयं उभी केली, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस औषधशास्त्र अभ्यासक्रमात घेतलं. संस्थापकाला जे नको होतं तेच स्वीकारून हा पंथ टिकला. दाखला देणाऱ्यांनी हे वाक्य विसरू नये. डीओंना मान्यता मिळाली ती ऑस्टिओपॅथीच्या सिद्धांतामुळे नाही.

तरीही अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत ऑस्टिओपॅथशी स्वेच्छेने व्यावसायिक संबंध ठेवणं हा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नीतिभंग होता. दुसऱ्या महायुद्धात डीओंना लष्करात डॉक्टर म्हणून घेतलं नाही. ती दारं १९६६ मध्ये उघडली. परवान्याचा पूर्ण हक्क देणारं शेवटचं राज्य मिसिसिपी, वर्ष १९७३.

या इतिहासात कॅलिफोर्नियाचं प्रकरण मला सर्वांत बोलकं वाटतं. १९६१-६२ मध्ये तिथल्या एमडी आणि डीओंच्या वैद्यकीय संघटनांनी विलीनीकरण केलं. ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयाचं रूपांतर एमडी देणाऱ्या महाविद्यालयात झालं. आज ते अर्व्हाइनच्या विद्यापीठाचा भाग आहे. राज्यातल्या दोन हजारांहून अधिक डीओंनी ६५ डॉलर भरून एमडी पदवी घेतली. आदल्या दिवशी ज्याच्याशी सल्लामसलत करणं नीतिभंग होता, तो दुसऱ्या दिवशी सहकारी झाला. त्याचं ज्ञान एका रात्रीत बदललं नव्हतं, रुग्ण बदलले नव्हते. याचा अर्थ एवढाच की त्या डॉक्टरांकडे शिक्षण आधीपासून होतं आणि विरोध अक्षरांना होता. नव्या डीओंना मात्र राज्यात परवाना बंद झाला. तो १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा सुरू झाला.

खरी बरोबरी आली ती निवासी प्रशिक्षणातून. पूर्वी डीओंच्या रेसिडेन्सीची मान्यता वेगळी, एमडींची वेगळी. २०१५ ते ३० जून २०२० या काळात दोन्ही व्यवस्था एकत्र केल्या गेल्या. आता दोघंही एकाच वॉर्डात, एकाच वरिष्ठाच्या हाताखाली, त्याच निकषांवर शिकतात: इंटर्नल मेडिसिनला तीन वर्षं, जनरल सर्जरीला पाच, न्यूरोसर्जरीला सात. बरोबरीचे डॉक्टर घडतात का, याचं उत्तर २०२३ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मधल्या एका अभ्यासाने दिलं. मेडिकेअर या सरकारी विम्यावरच्या वृद्ध रुग्णांपैकी एमडींनी पाहिलेल्यांत दाखल झाल्यापासून ३० दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ९.४ टक्के, डीओंनी पाहिलेल्यांत ९.५ टक्के. वैद्यकीयदृष्ट्या फरक नाही.

म्हणून सगळं सुरळीत आहे असं मात्र नाही. डीओ विद्यार्थ्याची परवान्याची परीक्षा कॉमलेक्स. परवान्यासाठी परीक्षा म्हणून तीच पुरते. पण अनेक रेसिडेन्सी विभागांचे प्रमुख कॉमलेक्सचे गुण कसे वाचायचे याची तसदी घेत नाहीत आणि एमडींची यूएसएमएलईच मागतात. परिणामी हजारो विद्यार्थी दोन्ही परीक्षा देतात. एकेक परीक्षा दिवसभराची, प्रत्येकीची फी शेकडो डॉलर, आणि अभ्यासाच्या आठवड्यांचं गणित वेगळंच. दोन्हींचा पहिला टप्पा २०२२ पासून फक्त पास-नापास झाल्याने सगळा भार दुसऱ्या टप्प्यातल्या गुणांवर आला आहे. शिवाय डीओंच्या बऱ्याच महाविद्यालयांना स्वतःचं मोठं शिक्षण रुग्णालय नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी विद्यार्थी वेगवेगळ्या गावांतल्या छोट्या रुग्णालयांत विखुरतात. एखाद्याला उत्तम शिक्षक मिळतो, एखादा नुसता मागे उभा राहतो. न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी आणि त्वचारोगात डीओ कमी दिसतात, त्यात पूर्वग्रहाइतकाच संशोधनाच्या संधी कमी असण्याचाही वाटा आहे.

अमेरिकेतल्या मराठी घरांत डीओ या अक्षरांची भीती अजून आहे, आणि तिची किंमत मुलं मोजतात. एमडीच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही की अमेरिकेतल्या डीओ प्रवेशाऐवजी कॅरिबियन बेटांवरची एमडी पदवी घ्यायचा हट्ट काही पालक धरतात, का तर नावापुढे एमडी लागेल. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, अमेरिकेतल्या एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली, डीओंपैकी ९२.३ टक्क्यांना. परदेशात शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांचं प्रमाण ६७ टक्के. त्यातही मधल्या वर्षांत गळालेले विद्यार्थी या हिशेबात येतच नाहीत. दोन-तीन लाख डॉलरचं कर्ज डोक्यावर घेऊन रेसिडेन्सी मिळाली नाही, तर त्या एमडीच्या बळावर स्वतंत्रपणे रुग्ण तपासता येत नाहीत. पालकांनी महाविद्यालयाला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: पहिल्या वर्षी किती घेतले, चार वर्षांत किती पदवीधर झाले, तिसऱ्या वर्षीच्या रोटेशन, म्हणजे विभागवार फिरत्या नेमणुका, कोणत्या रुग्णालयांत होतात, आणि गेल्या वर्षी कोणत्या विषयांत किती जणांना जागा मिळाल्या. उत्तर लेखी मागावं.

ऑस्टिओपॅथीची एक उणीव तिच्या पुरस्कर्त्यांनी मान्य करायला हवी. कंबरदुखीसाठी हातांच्या उपचारांचा थोडाफार उपयोग दिसतो. पण कवटीच्या हाडांची सूक्ष्म हालचाल बोटांनी ओळखून रोग बरा करण्याचा दावा, ज्याला क्रेनियल ऑस्टिओपॅथी म्हणतात, तो पुराव्यावर टिकत नाही. दोन तपासनीसांचे एकाच डोक्यावरचे निष्कर्ष जुळत नाहीत. तरीही तो परंपरा म्हणून शिकवला जातो. बहुतेक डीओ रेसिडेन्सीनंतर हातांचे उपचार क्वचितच करतात, हे त्याचं मूक उत्तर आहे.

आता होमिओपॅथी. तिचा अमेरिकेतला इतिहास महाराष्ट्राला जास्त जवळचा आहे आणि तो जवळपास कोणी सांगत नाही. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एमडी झाल्या. त्याच शहरात तेव्हा हानेमान मेडिकल कॉलेज होतं, होमिओपॅथीचं, आणि तेही एमडीच देत होतं. म्हणजे अमेरिकेत होमिओपॅथांना एमडी ही अक्षरं तेव्हाही मिळत होती. फ्लेक्सनरनंतर कमी दर्जाची होमिओपॅथी महाविद्यालयं बंद पडली. हानेमान टिकलं, कारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याने अभ्यासक्रमातून होमिओपॅथी हळूहळू काढून टाकली. १९९० च्या दशकात आनंदीबाईंचं महाविद्यालय आणि हानेमान एकत्र आले. आज दोन्हींचा वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे आहे. अमेरिकेच्या दाखल्यातून खरोखर काही घ्यायचं असेल तर हे घ्यावं: होमिओपॅथांना मुख्य प्रवाहात जागा मिळाली ती संपूर्ण वैद्यकशास्त्र शिकून.

सीसीएमपीमध्ये एका वर्षात प्रामुख्याने औषधशास्त्र शिकवतात. डीओ अभ्यासक्रमाची रचना याच्या उलट आहे: संपूर्ण आधुनिक वैद्यक, आणि वर थोडं आपलं. हा फरक कागदावर लहान दिसतो, ओपीडीत जीवघेणा ठरतो. पॅरासिटामॉल घ्या. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरतं. बाजारात सिरप ५ मिलीत १२५ आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं. ड्रॉप्समध्ये तर १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. ‘एक चमचा, चार चार तासांनी’ एवढंच सांगितलं आणि घरात २५० ची बाटली निघाली, तर दिवसाला १५०० मिलिग्रॅम जातं. मर्यादा ७५० ची. एवढं औषधशास्त्राच्या वर्गात शिकवता येतं. पण तोच ताप डेंग्यूचा असेल, चौथ्या-पाचव्या दिवशी उतरला, आईला वाटलं बरं वाटतंय, आणि मूल मलूल होऊन पोट दुखतंय म्हणू लागलं, तर धोका तिथून सुरू होतो. तो ओळखायला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, वाढतंय का, वरच्या आणि खालच्या रक्तदाबातलं अंतर कमी होतंय का, हे बघायची सवय लागते. त्याआधीच कोणी अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं असेल तर रक्तस्रावाची भर. ही नजर वॉर्डात, वरिष्ठाची बोलणी खात, शेकडो रुग्ण पाहून येते.

१९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच पाहिलं होतं. मुंबईत होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली होती आणि रुग्ण दगावला. ज्या शाखेचं शिक्षण नाही तिची औषधं देणं हाच हलगर्जीपणा, असा निकाल लागला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून सीसीएमपीवाल्यांसाठी वाट काढली. कायद्याने परवानगी देता येते. वॉर्डातली वर्षं मात्र कायद्याने भरून निघत नाहीत.

पण संप करणाऱ्यांनाही दोन प्रश्न विचारायला हवेत. अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेतली म्हणून कोणालाही दवाखाना उघडता येत नाही. एमडी असो वा डीओ, रेसिडेन्सीचं किमान एक वर्ष, बहुतेकांच्या बाबतीत पूर्ण तीन, लागतंच. आपल्याकडे एमबीबीएस एका वर्षाच्या इंटर्नशिपनंतर थेट प्रॅक्टिस करू शकतो, आणि ते वर्ष पीजीच्या प्रवेश परीक्षेच्या पुस्तकांत बुडालेलं असतं. रुग्णसुरक्षेचा मुद्दा खरा असेल तर तो स्वतःच्या पदवीलाही लावायला हवा.

दुसरा प्रश्न रात्रीच्या आरएमओंचा, म्हणजे रुग्णालयात थांबणाऱ्या निवासी डॉक्टरांचा. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी खासगी रुग्णालयांत रात्री वॉर्ड आणि आयसीयू सांभाळणारा डॉक्टर बीएचएमएस किंवा आयुर्वेदाचा बीएएमएस असतो, कारण तो कमी पगारात मिळतो. सलाइन, इन्सुलिन, अँटिबायोटिक तोच चालू करतो, सही मात्र सकाळी कन्सल्टंटची. त्याला प्रशिक्षण कोणी देत नाही, आणि चूक झाली की सगळ्यात आधी जबाबदार तोच धरला जातो. सीसीएमपीला विरोध करणाऱ्या संघटनांचे काही सभासदच अशा रुग्णालयांचे मालक आहेत. सीसीएमपीवाल्यांना शासकीय रुग्णालयात औषधोपचार, बालरोग, प्रसूती आणि अपघात विभागांत किमान दोन वर्षांची देखरेखीखालची निवासी नेमणूक आणि शेवटी एमबीबीएसच्याच धर्तीची परीक्षा, ही मागणी मेडिकल असोसिएशनने पुढे करावी. तोवर प्रत्येक खासगी रुग्णालयाने केसपेपरवर रात्रीच्या डॉक्टरची पदवी, नोंदणी क्रमांक आणि त्या रात्री फोनवर जबाबदार असलेल्या कन्सल्टंटचं नाव छापायला सुरुवात करावी. याला ना शासन निर्णय लागतो, ना न्यायालयाचा आदेश.