नव्वद दिवसांनी मेंदूचं दार कोण लावतं?

मावशीने काकांची फिजिओथेरपी बंद केली. काकांना अर्धांगवायूचा झटका येऊन पाच महिने झालेत. का बंद केली विचारलं, तर तिने फोनच माझ्या हातात दिला. वर ‘डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’, खाली चार मुद्दे, शेवटी जोडलेले हात. हाच मजकूर त्या आठवड्यात मला आणखी दोन ग्रुपवर आला होता. तेव्हा दुर्लक्ष केलं, ही माझी चूक.

पहिला मुद्दा असा: ‘झटक्यानंतर ९० दिवसांत जे परत येतं तेवढंच. मग मेंदूचं दार बंद होतं, पुढचा व्यायाम म्हणजे पैशांचा चुराडा.’

यातलं अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते आणि त्यातली बरीचशी आपसूक होते. नंतर वेग मंदावतो. पण मंदावला म्हणजे संपला, हे कुणी ठरवलं?

२००६ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘एक्साइट’ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतली सात केंद्रं, २२२ रुग्ण, सगळ्यांना झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले. म्हणजे फॉरवर्डच्या हिशेबाने सगळ्यांची दारं कुलूपबंद. त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या चांगल्या हातात दोन आठवडे जाड मोजा चढवला, जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ. आणि कमजोर हाताकडून रोज कामं करून घेतली. बाकीच्यांचं नेहमीसारखंच चालू ठेवलं, त्यातल्या काहींना तर काहीच उपचार नव्हते. वर्षाने पुन्हा मोजलं. ठरावीक हालचालींना लागणारा सरासरी वेळ मोजेवाल्यांत १९.३ सेकंदांवरून ९.३ वर आला होता. दुसऱ्या गटातही तो २४ वरून १७.७ वर आला. दार बंद होतं ना? मग हे दोन्ही गट आत शिरले कुठून?

हा मोजा कुणाला गंमत म्हणून सुचलेला नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवर प्रयोग केले होते. एका हाताच्या संवेदनेच्या नसा कापल्या की माकड तो हात वापरणंच सोडून द्यायचं. चांगला हात बांधून ठेवला की तोच ‘गेलेला’ हात पुन्हा कामाला लागायचा. म्हणजे हात जितका गेलेला असतो, त्याहून जास्त तो न वापरण्याची सवय लागलेली असते. आता पाच महिन्यांच्या रुग्णाला सांगा की तुझं दार लागलं. तो काय करेल? हात मांडीवर ठेवून बसेल. काका गेले दहा दिवस तसेच बसलेत. मला राग आलाय तो याचाच.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या चाचणीतल्या रुग्णांना मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येत होती. हात पूर्ण लुळा असेल तर मोज्याने चमत्कार होणार नाही. काकांची बोटं हलतात.

दुसरा मुद्दा, ‘संपूर्ण विश्रांती हेच खरं औषध’. २००७ मधला एक छोटा अभ्यास आहे: १२ धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर एकट्या पायांतलं स्नायूंचं वजन किलोभराने उतरलं. धडधाकट म्हणतेय मी. हो, घाईही वाईट. झटक्यानंतर २४ तासांच्या आतच रुग्णाला वारंवार उठवून चालवलं, तर परिणाम थोडे वाईटच येतात, असं २०१५ च्या ‘ॲव्हर्ट’ चाचणीत २,१०४ रुग्णांवर दिसलं. पण ती गोष्ट पहिल्या दिवसाची, पाचव्या महिन्याची नव्हे.

आणि हे कळलं कशामुळे? ज्याला तिसऱ्या मुद्द्यात ‘मशीन विकण्याचा धंदा’ म्हटलंय, त्या संशोधनामुळेच. धंदाच करायचा असता तर २०११ मध्ये ४०८ रुग्णांवर चाचणी घेऊन, पट्ट्यांनी टांगून ट्रेडमिलवर चालवणं हे फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेल्या व्यायामापेक्षा सरस नाही, असं छापलं असतं का? २०१९ मध्ये रोबोटने हाताला व्यायाम देण्याचीही हीच गत झाली. ७७० रुग्णांत हाताचं काम नेहमीच्या उपचारांपेक्षा सुधारलं नाही. मशीनवाल्यांचं यात काय भलं झालं, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगावं.

चौथा मुद्दा, ‘पुनर्वसन हे मूठभर अपंगांसाठी असतं, समाजाच्या आरोग्याशी त्याचा काय संबंध?’ ही मूठ मोजून झालेली आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या अंदाजानुसार २०१९ साली जगात २४१ कोटी लोकांना असा आजार किंवा इजा होती, ज्यात पुनर्वसनाचा उपयोग झाला असता. साधारण दर तिघांत एक. त्यात सगळ्यात मोठा गट कंबरदुखीवाल्यांचा, ५६ कोटी ८० लाख.

मावशीला हा मजकूर पाठवला तो मामांनी. ते कित्येक वर्षं कंबरेला पट्टा बांधून हिंडतात.