बनियनपासून उंदीर पैदा करण्याची रीत

राजेहो, गावात शास्त्रज्ञ म्हणून नाव काढायला प्रयोगशाळा लागत नाही. पारावर बसायला जागा आणि घामानं चिंब झालेली एक बनियन, बस.

बनियन गव्हाच्या कोठीत टाका, तोंड उघडं ठेवा, 21 दिवस थांबा. उंदीर निघणार म्हणजे निघणार. रीत माझ्या घरची नाही; सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्मोंट नावाच्या नामांकित वैद्याची आहे. त्याला अडाणी समजू नका. याच गड्यानं कुंडीत झाड लावलं, पाच वर्षं नुसतं पाणी घातलं आणि शेवटी माती जोखून पाहिली. कोठीचं तोंड बांधून पाहायचं मात्र त्याला सुचलं नाही. हाच गुण उचला. उत्तर आधीच ठाऊक असलं, की तराजू काढायचा नाही.

गव्हात सोंडे दिसले तर "ते गव्हालेच सुटतात" म्हणायचं. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून लिंपून टाकते, असं सांगणाऱ्याला पारावर बूड टेकू देऊ नका.

कपाशीत तर या विद्येला मरण नाही. 2017 साली यवतमाळकडं वरून धडधाकट दिसणारं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी! भोक कुठंच नाही. "आभाय आलं का अळी पडते," ठणकावून सांगा. पतंग रात्री येतो, फुलांवर, कवळ्या बोंडांवर अंडी घालतो, केसाएवढी अळी आत शिरते आणि मागं भोक बुजतं. असली रातपाळी बघत कोण बसतो? डोमकळी, म्हणजे अळीनं आतून पाकळ्या बांधलेलं मिटलेलं फूल, दिसली तर फूल लाजलं म्हणा. मादीच्या वासाचं आमिष लावलेल्या कामगंध सापळ्यात पतंग सापडलेच, तर ते धुऱ्यापलीकडचे.

भ्यायचं ते फक्त फ्रान्चेस्को रेदीच्या जातकुळीला. 1668 साली या इटालियन माणसानं बरण्यांत मांस ठेवलं. काही बरण्या उघड्या, काहींवर पातळ कापड. उघड्यांत अळ्या वळवळल्या, झाकलेल्या मांसात एकही नाही. माश्या कापडावरच घोंगावत राहिल्या. जीव आपोआप उपजतो, या ॲरिस्टॉटलपासूनच्या विद्येची इभ्रत एका फडक्यानं घालवली, बाप्पा!

पारावर अशी एखादी नववीतली पोरगी येतेच. "आबाजी, कोठीचं तोंड बांधून पाह्यलं काय?" तिला लगेच चहा सांगायला पिटाळा. आणि ती परत येईस्तोवर खांद्यावरचा दुपट्टा घट्ट धरून बसा.